आधी नोंद, मग क्षमा

सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा येथील कापडाच्या व्यापाऱ्यांना कोल्हापूरजवळचे गांधीनगर चांगले परिचयाचे आहे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी ही बाजारपेठ उभी केली, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र सिंधी कुटुंबे ज्या बराकींत उतरली, त्या बराकी त्यांच्याआधी दुसऱ्याच निर्वासितांसाठी बांधल्या गेल्या होत्या, हे फार थोड्यांना माहीत असते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे वळिवड्याची पोलिश छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, पंचगंगेच्या परिसरात राहत होती. पाचगणीच्या थंड हवेत त्यांच्यातील आजारी व अशक्त मुलांसाठी आरोग्यकेंद्रही होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळंकृत केला. रशियाच्या वाट्यास आलेल्या भागातील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच आक्रमण केल्यावर त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी त्यांतील काही इराणमार्गे बाहेर पडले आणि हजारो मैलांचा प्रवास करून भारतात पोहोचले.

या छावणीत स्काउट पथकांचे नेतृत्व करण्यासाठी एक तरुण लष्करी अधिकारी आला. त्याचे नाव झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. १९१८ मध्ये सानोक गावी जन्मलेला हा तरुण युद्धाच्या पहिल्याच महिन्यात रशियनांच्या हाती सापडला आणि कोझेल्स्कच्या बंदिछावणीत डांबला गेला. तेथे सुमारे साडेचार हजार पोलिश कैदी होते. १९४० च्या वसंतात त्यांना तुकड्या-तुकड्यांनी बाहेर नेण्यास सुरुवात झाली. आपण घरी चाललो, अशा समजुतीने माणसे हसतमुखाने निरोप घेत होती. प्रत्यक्षात त्यांना कातिनच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या जात होत्या. त्या एका आदेशाखाली निरनिराळ्या ठिकाणी मिळून सुमारे बावीस हजार पोलिश नागरिक मारले गेले. मोजक्या कैद्यांची रवानगी दुसऱ्या छावणीकडे झाली, म्हणून ते वाचले. पेश्कोव्स्की त्यांपैकी एक होते.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधील हद्दपारीत प्रामुख्याने अशाच कैदी अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना कझाकस्तानात पाठविण्यात आले होते. वळिवड्यातील अनेक मुलांचे वडील युद्धात, तुरुंगात किंवा अज्ञात ठिकाणी होते. अशा मुलांना केवळ अन्न आणि निवारा देऊन भागत नाही. त्यांना दिनक्रम, शिस्त आणि उद्याचा भरवसा द्यावा लागतो. छावणीत पोलिश शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय, नाट्यप्रयोग, सारे काही होते. स्काउट पथकांनी मुलांच्या हाताला काम आणि मनाला वळण दिले. आपल्या शेकडो सोबत्यांना मृत्यूकडे जाताना पाहिलेला माणूस परक्या मुलखात मुलांसाठी राबत होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

युद्ध संपले, तरी परतीची वाट मोकळी झाली नाही. पूर्व पोलंड रशियात विलीन झाला आणि उरलेल्या देशात रशियाधार्जिणी राजवट आली. ज्या लंडनस्थित पोलिश सरकारच्या आधारावर छावणी चालत होती, त्याची मान्यता ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेत गेले; काही मायदेशी परतले. एका पोलिश तरुणीने तर कोल्हापुरातच संसार थाटला. पेश्कोव्स्की पुढे अमेरिकेत गेले. मिशिगनमधील ऑर्चर्ड लेक येथे धर्मशिक्षण घेऊन १९५४ मध्ये ते ख्रिस्ती धर्मगुरू झाले आणि तेथेच त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. नवा देश, नवे काम, मानाचे स्थान. रूढ अर्थाने आयुष्य पुन्हा उभे राहिले होते.

परंतु एक खाते उघडेच होते. कातिनचे हत्याकांड जर्मनांनी केले, असे रशिया जवळजवळ पन्नास वर्षे सांगत राहिला. एप्रिल १९९० मध्ये त्याने प्रथम जबाबदारी मान्य केली आणि १९९२ मध्ये ५ मार्च १९४० चा मूळ आदेश उघड झाला. तोपर्यंत पेश्कोव्स्कींनी सत्तरी ओलांडली होती. या वयात ते त्या दफनभूमींच्या उत्खननाला उपस्थित राहिले, मृतांच्या कुटुंबीयांचे आध्यात्मिक मार्गदर्शक बनले आणि मृतांना सन्मानाने निरोप मिळावा यासाठी झटले. सत्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. मात्र त्या आग्रहाला सूडाचा स्पर्श होऊ दिला नाही. क्षमा आणि सलोखा हेच त्यांच्या उपदेशाचे सूत्र होते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

व्यापारी कुटुंबांना यातील मर्म सहज उमजेल. येणे बुडाले, तर ते निर्लेखित करता येते; पण त्यासाठी आधी ते खतावणीत नावे पडलेले असावे लागते. ज्याची नोंदच नाही, ते माफ तरी कसे करणार? नोंद न करता सोडून देणे म्हणजे विस्मरण, आणि नोंद करून रोज व्याज चढवीत राहणे म्हणजे वैर. खरी नोंद करून, रक्कम पूर्ण वाचून, मग स्वतःच्या हाताने त्यावर रेघ ओढणे ही क्षमा होय.

क्षमावाणीच्या दिवशी आपण ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. एकच मजकूर शंभर जणांना मोबाइलवरून धाडला जातो. परंतु ज्या भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, ज्या जुन्या भागीदाराचा हिशेब दाबून ठेवला आहे, त्याचे नाव त्या शंभरांत अनेकदा नसते. क्षमेची खरी गरज नेमकी तेथेच असते. चूक आपली असेल तर ती नेमक्या शब्दांत कबूल करणे, दुसऱ्याची असेल तर ती नेमकी सांगून सोडून देणे, दोन्हींना सारखेच धैर्य लागते.

कोल्हापुरातील महावीर उद्यानात आज या पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. गांधीनगरला खरेदीसाठी गेलेल्या वाचकांनी परतताना थोडी वाट वाकडी करून तेथे जावे, आणि घरी पोहोचल्यावर एखादे जुने बंद पडलेले खाते उघडून पाहावे.