सापाच्या नावावर खपलेले बळी

पावसाळा तोंडावर आला आहे. रानात गवत माजेल, आणि दरवर्षीप्रमाणे गावोगाव 'पान लागलं', म्हणजे साप चावला, अशी हाकाटी उठेल. माणसे जमतील, जीप निघेल आणि दवाखान्याऐवजी मारुतीच्या देवळापुढे जाऊन थांबेल! तिथे कडुलिंबाचा पाला चारला जाईल. कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर आहे, असे निदान कुणी भगत छातीठोकपणे करील. तेवढ्यात नागाचे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडून मोकळे झालेले असेल. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सुमारे 58 हजार! त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि बहुतेकांनी रुग्णालयाची पायरीही पाहिली नाही.

भगताच्या हाताला गुण आहे म्हणतात. असणारच! आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. धामण चावलेला माणूस 'मंत्राने' वाचला की पंचक्रोशीत डंका. नाग चावलेला दगावला की 'उशिरा आणलात' हे उत्तर तयार. यश भगताचे, मढे घरच्यांचे!

मण्यारीपुढे तर या अडाणीपणाला सीमाच राहत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे ओवा चघळायला देतात. पुढे पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही, तरी घर करणीच शोधत बसते. मिटू लागलेली पापणी हे मज्जातंतूंवर चढलेल्या विषाचे लक्षण, एवढे दहावीच्या मुलाला का ठाऊक नसावे? घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होतात. अशा माणसाची जखम ब्लेडने चिरणारा शहाणा रक्ताची धार स्वतःच्या हाताने सुरू करून देतो. करकचून आवळलेली दोरीही तशीच घातक. हातपाय न हलवता, आडवे ठेवून थेट इस्पितळ गाठणे हाच खरा प्रथमोपचार.

पण सगळे खापर खेडुताच्या डोक्यावर फोडून शहरी शहाण्यांनी मिशांवर ताव देऊ नये. त्याने इस्पितळ गाठले, तर तिथे काय मिळते? नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून बनते. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेनेही ते बनवले आहे. सुरुवातीला 8 ते 10 कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. रक्त गोठते का हे पाहायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी आणि 20 मिनिटे पुरतात. तरीही कित्येक आरोग्य केंद्रांतून हाती पडते ती 'जिल्ह्याला न्या' ही चिठ्ठी! रिअ‍ॅक्शन आली तर नातेवाईक अंगावर येतील, ही डॉक्टरची भीती खोटी नाही. मग त्या रिअ‍ॅक्शनवरचे कपाटातले अ‍ॅड्रेनॅलिन काय शोभेला ठेवले आहे? महाडच्या भागात, अपुऱ्या साधनांत राहून हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे ठेवला. ती जिद्द प्रत्येकाकडे नसेल. पण छापील उपचारपद्धती पाळायला जिद्द लागत नाही.

सर्पदंशाने मेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला सरकार 2 लाख देते. जिवंतपणी कुप्यांना लागणारे काही हजार मात्र वेळेवर सापडत नाहीत! 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा 2024 मध्ये दिल्लीने जाहीर केला. आराखड्याने इंजेक्शन टोचता येत नाही. प्रत्येक केंद्राच्या दारावर आज शिल्लक कुप्या किती आणि रात्री हजर डॉक्टर कोण, हे खडूने लिहिलेच पाहिजे.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे; शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. गेल्या पावसाळ्यात या कलमाखाली आपल्या जिल्ह्यात किती भगतांवर गुन्हे दाखल झाले, तो आकडा प्रत्येक पोलीस अधीक्षकाने जून उजाडण्यापूर्वी जाहीर करावा. शून्य असेल, तर शून्य म्हणून जाहीर करावा!