कारखान्याची घाण की शेताची ठेव?

शुद्ध साखरेत कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू यांखेरीज काही नसते. ती हवा व पाणी यांपासूनच घडते. म्हणून साखरेची पोती बाहेर गेली, तरी जमिनीतील स्फुरद व पालाश त्यांबरोबर जात नाहीत. मग ते जातात कोठे? 100 टन ऊस गाळला असता सुमारे 30 टन चिपाड, 3 ते 4 टन प्रेसमड व 4 टनांच्या आसपास मळी निघते. स्फुरद बव्हंशी प्रेसमडमध्ये उतरते. पालाश मळीत जाते व मद्यार्क काढल्यावर स्पेंट वॉशमध्ये उरते. दर लिटर मद्यार्कामागे हे काळपट पाणी 8 ते 15 लिटर निघते. ते कच्चेच ओढ्यात सोडल्यास मासे मरतात व काठच्या विहिरी नासतात. तेच बंद टाकीत कुजवून आधी इंधनवायू काढावा, आणि उरलेले पाणी पक्क्या फरशीवरील प्रेसमडच्या ढिगांवर बेताने शिंपून ढीग वरचेवर परतावेत, म्हणजे उत्तम खत तयार होते.

यास खर्च येतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पालाश खत परदेशातून आणावयाचे व घरचे ओढ्यात सोडावयाचे, हा कोणता हिशेब? सहकारी कारखान्याचे मालक आपण सभासदच आहोत. उसाच्या मानाने खत प्रत्येकास परत मिळावे व कच्चे पाणी एक थेंबही बाहेर जाऊ नये, ही मागणी शेतकरी बंधूंनी वार्षिक सभेत उसाच्या दराइतक्याच आग्रहाने मांडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.