तुमचं आडनाव अवैध आहे

बाजाराचा दिवस होता, केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टुलावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांचा अर्ज मी शेवटच्या पानापर्यंत आणला, 'पुढे जा' दाबलं आणि आडनावाच्या रकान्याखाली लाल अक्षरं उमटली. सवयीने मी ती मोठ्याने वाचली : 'आडनाव अवैध आहे.'

"अवैध म्हंजी? वाळूवाल्यावानी?"

बाकावरची मंडळी हसली. बाबा नाही हसले. जे आडनाव सातबाऱ्यावर आहे, पोरींच्या लग्नपत्रिकांवर छापलंय, ते सरकारला बेकायदा वाटतंय, असंच त्यांना वाटलं. त्यात त्यांची चूक काय? आमच्याकडे 'अवैध' हा शब्द कानावर पडतो तो वाळूउपशापुढे, नाहीतर दारूपुढे. आडनावापुढे तो लागल्यावर माणूस दचकणारच.

मी तिसगावात सेवा केंद्र चालवते. दाखले, विमा, शिष्यवृत्ती, जे काही ऑनलाइन भरावं लागतं ते माझ्या टेबलावर येतं. दसऱ्यानंतर पाथर्डी तालुक्यातली अर्धी गावं ऊसतोडीला निघतात. जायच्या आधी सगळ्यांना सगळे कागद एकदम हवे असतात. त्या दिवसांत मी पडद्यावरची लाल अक्षरं घरच्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त बघते. बाबांचा अर्ज कुठल्या योजनेचा होता ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे उगाच शहाणे ठरतील.

बाबांचं आडनाव कुऱ्हाडे. चारदा टाइप केलं, चारदा अवैध. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, त्याला रात्री फोन केला. त्याने मी टाइप केलेलं आडनाव मागवून तपासलं आणि तो हसायला लागला. 'कुऱ्हाड', 'गऱ्हाणं', 'बऱ्याच' यांतला तो आडवा अर्धा र मराठीला लागतो, हिंदीवाल्यांना नाही. संगणकात तो दोन तऱ्हेने साठवता येतो. एका तऱ्हेत त्याच्यासाठी वेगळं अक्षरच आहे. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मागे एक जोडचिन्ह असतं, जे डोळ्यांना दिसतच नाही. माझा कीबोर्ड ते न दिसणारं चिन्ह टाकत होता. अर्ज बनवणाऱ्याने नियम लिहिला होता : अक्षरं आणि मात्रा सोडून दुसरं काही चालणार नाही. जोडचिन्ह अक्षरही नाही आणि मात्राही नाही, म्हणून आडनाव बाद.

हे मला रात्री कळलं. दुपारी मात्र मी वेगळंच करून बसले होते. बाकावर वीस माणसं होती, बाबांची परतीची गाडी निघायची होती. मी 'ह'वर रफार देऊन 'कुर्हाडे' लिहिलं. अर्जाने ते निमूट घेतलं. खरं आडनाव अवैध, चुकीचं आडनाव वैध.

भरलेली माहिती तपासू नका, असं माझं म्हणणं मुळीच नाही. दिवसभर अर्ज भरणाऱ्या बाईला तपासणीची किंमत कळते. आधारचे बारा आकडे घ्या. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची १९६९ ची ही युक्ती. एक आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर ती चूक सुटतच नाही. बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे हमखास इंग्रजी ओ लिहितात. यंत्राला एवढं ठाऊक असेल तर त्याने त्या ओचा शून्य स्वतःच करून घ्यावा की! ते न करता बहुतेक पडदे 'अवैध कोड' म्हणतात आणि माणूस पासबुक डोळ्यांजवळ धरून अकराही अक्षरं पुन्हा वाचत बसतो.

पिनकोडचं तर मला कौतुकच आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि त्यामागचं डोकं आपल्या कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. हे गृहस्थ टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. देशात एकाच नावाची गावं फार, पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, म्हणून सहा आकडे. आमचंच बघा. तिसगाव कल्याणला आहे, छत्रपती संभाजीनगरजवळही आहे. गंमत म्हणजे आमच्या वेशीवरून जाणाऱ्या महामार्गाला लोक कल्याण-विशाखापट्टणम महामार्गच म्हणतात. वेलणकरांनी माणसाच्या चुका आधी समजून घेतल्या, मग आकडे बसवले. त्या क्रमाने काम करणारे पुढे फार भेटले नाहीत.

आता त्या 'अवैध'चं मूळ. गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या पापड-मसाल्यासाठी भाच्याने आणि मी मिळून एक छोटी वेबसाइट केली. लॅरावेल म्हणून एक तयार सांगाडा मिळतो, त्याच्यावर. त्यात प्रत्येक रकान्याला नियम लावता येतात : हा भरलाच पाहिजे, हा दहा आकड्यांचाच हवा, ही तारीख आजच्या पुढची नको. नियम मोडला की दाखवायची वाक्यंही तयार येतात, इंग्रजीत. वाक्यात मधोमध एक कोरी जागा असते आणि रकान्याचं नाव तिथे आपोआप जाऊन बसतं. इंग्रजीत हे खपतं, कारण तिथे पत्ता पुल्लिंगी नाही की तारीख स्त्रीलिंगी नाही.

मराठीत करायला गेले तर वाक्य मोडायला लागलं. 'लिहायचा राहिला' पत्त्याला चालतं, तारखेला 'टाकायची राहिली' हवं, गावाच्या नावाला 'लिहायचं राहिलं'. एका साच्यात हे बसतच नाही. मग भाषांतर करणारा काय करतो? लिंगाची भानगडच नको म्हणून 'आवश्यक आहे' आणि 'अवैध आहे' यांच्या आडोशाला जातो. पत्ता आवश्यक आहे. तारीख आवश्यक आहे. नाव अवैध आहे. सरकारी पडद्यांवरची मराठी अशी लाकडी का, हे मला त्या दिवशी उमगलं. ती कुणी कुणाला उद्देशून लिहिलेलीच नसते, कोऱ्या जागेभोवती रचलेली असते.

यावरचा उपाय त्याच सांगाड्यात आहे आणि तो फुकट आहे. प्रत्येक रकान्याच्या प्रत्येक नियमासाठी स्वतःचं वाक्य लिहिता येतं. मी बसून लिहिली. भाचा म्हणाला, "आत्या, एका ओळीच्या जागी तू निबंध लिहितेस." असू दे म्हटलं. 'पिनकोड सहा आकड्यांचा असतो, तुम्ही पाच टाकलेत' यात निबंध कुठला? ब्रिटन सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी नियमच करून ठेवलाय : काय चुकलं आणि ते कसं सुधारायचं ते सांगा, 'इनव्हॅलिड', 'इललीगल' असले शब्द वापरू नका. 'प्लीज' आणि 'सॉरी'सुद्धा नको म्हणतात. ते मला पटतं. लाल अक्षरांत 'कृपया' वाचलं की माझा पारा जास्तच चढतो.

पण भाषा सुधारली की काम झालं, असंही नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं, आणि अर्जदाराला वर अपिलात जाता येतं. चांगला कायदा आहे. पण खऱ्या आडनावाचा बाबांचा अर्ज कुणी नाकारला? कुणीच नाही, कारण तो दाखलच झाला नाही. पडद्याने दारातच अडवला. पोच नाही, अर्ज क्रमांक नाही, म्हणजे नकार नाही, म्हणजे कारणही नाही. पूर्वी खिडकीपलीकडचा कारकून खेकसायचा, पण त्याला "का हो?" असं विचारता यायचं. साहेबाकडे जाता यायचं. लाल अक्षरांचा साहेब कुठे बसतो? माझं मागणं साधं आहे : अर्ज पडद्यावर अडला तरी त्याची नोंद व्हावी, कुठल्या रकान्यात कुठल्या कारणाने किती जण अडले ते खात्याने दर आठवड्याला बघावं, आणि 'माझी माहिती बरोबर आहे, माणसाकडून तपासा' असं एक बटण प्रत्येक अर्जावर असावं.

ते बटण नसलं की लोक वाट काढतात, आणि ती वाट खोट्यातून जाते. ईमेल सक्तीचा असतो. शेरडं राखणाऱ्या आजीला कुठला ईमेल? मग केंद्रवाले आपला टाकतात. माझ्या ईमेलवर अर्ध्या पंचक्रोशीचा पत्रव्यवहार येतो. त्यात 'आपल्या अर्जात त्रुटी आहे, सात दिवसांत पूर्तता करा' असंही असतं, आणि कुठली आजी ते मला आठवत नसतं. जुन्या आधार कार्डावर नुसतं जन्मवर्ष आहे, रकान्याला दिवस आणि महिनाही हवा. तिथे आम्ही १ जून टाकतो. गुरुजींनी ती परंपरा शाळेच्या दाखल्यापासूनच घालून दिलीय, अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. तेव्हापासून एका अर्जाच्या यादीत नवं नाव, दुसऱ्याच्या यादीत जुनं, आणि दोन्ही अर्ज म्हणतात पत्ता आधारप्रमाणेच हवा. समोरचा माणूस नुसतं 'नगर' म्हणतो आणि मोकळा होतो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवून बघा. पतीचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला होता. ज्या बाईला दोन्ही उरले नाहीत, तिने काय टाकायचं? नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय करून कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं, मुदत १८ नोव्हेंबरची ३१ डिसेंबर २०२५ केली. सुधारणा झाली, ती मान्यच. पण विधवा बाई अर्ज भरायला येईल, हे आधीच सुचायला किती वेळ लागला असता? आमच्या बाकावर एक तास बसलं असतं तरी सुचलं असतं.

दुसऱ्यांना एवढं बोलले, तर आपलंही सांगते. वेबसाइट सुरू झाल्यावर आठवडाभरात एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमची वेबसाइट माझा मोबाइल नंबर घेईना. म्हणते दहा आकडे हवेत. दहाच टाकलेत, मोजून." मीही मोजले, दहाच होते. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि आकडे देवनागरीत. मी लावलेल्या नियमाला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. पायथन नावाच्या भाषेला ९ आणि ८ थेट समजतात म्हणे, आमच्या सांगाड्याला ते शिकवावं लागलं. मराठीत वाक्यं लिहिल्याचा तोरा मिरवणाऱ्या मला मराठी आकडे मात्र सुचले नव्हते. आता नियम लागण्याआधीच आकडे बदलून घेतो, भरणाऱ्याला काही कळतही नाही. बाईंनी दोन किलो गोडा मसाला नेला.

बाबा परवा परत आले. दुसऱ्या एका कामात नाव जुळेना, एका कागदावर कुऱ्हाडे आणि एकावर कुर्हाडे. "तूच लिवलं व्हतं ना गं?" म्हणाले. रागावले नव्हते, नुसतं विचारत होते. मी हो म्हटलं आणि नावदुरुस्तीचा ऑनलाइन अर्ज उघडला. पहिला रकाना : आडनाव. मी जपून टाइप केलं. खाली लाल अक्षरं आली.