मोडीत केवळ लोखंड जात नाही

सैनिक निवृत्त होतो तेव्हा त्याच्या पलटणीत निरोपाचे दोन शब्द बोलले जातात. गावी परतल्यावर त्याला मान मिळतो आणि निवृत्तिवेतनही मिळते. त्याच सैनिकाला वर्षानुवर्षे खांद्यावर घेऊन हिमालयाचे घाट चढलेला ट्रक निवृत्त होतो तेव्हा मात्र त्याच्या वाट्याला लिलावाच्या यादीतील एक ओळ येते. वजनावर बोली लागते, गॅसकटर चालतो आणि चार दिवसांत त्याचे भंगार होते. निरुपयोगी झालेली प्रत्येक वस्तू जपून ठेवणे कोणत्याही राष्ट्राला परवडणारे नाही, हे खरे. परंतु सर्वच मोडीत काढावे काय आणि मोडीत नेमके काय काय जाते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

'शक्तिमान' या नावाच्या ट्रकचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आपल्या लष्कराची वाहतूक बव्हंशी परदेशी बनावटीच्या वाहनांवर अवलंबून होती. त्यांतील कितीतरी वाहने दुसऱ्या महायुद्धातून मागे राहिलेली होती. जर्मनीच्या 'मान' कंपनीशी परवाना करार होऊन १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान बाहेर पडला. पुढे १९६९ मध्ये जबलपुरातच स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. परक्याच्या आराखड्यावर सुरू झालेल्या या ट्रकचे अधिकाधिक सुटे भाग कालांतराने भारतात बनू लागले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत दारूगोळा, शिधा आणि जवान यांची ने-आण करणारे हेच वाहन होते. नव्वदच्या दशकात 'स्टॅलियन'ने त्याची जागा घेतली. लष्करात 'थ्री टनर' म्हणून ओळखल्या गेलेल्या या वर्गाच्या ट्रकवर वाहन चालवायला आणि दुरुस्त करायला शिकलेल्या जवानांच्या दोन-तीन पिढ्या आज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत निवृत्तीचे जीवन जगत आहेत.

लष्करी वाहन नागरी हातांत येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. महायुद्ध संपल्यावर 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठी बोलण्यात रुळला तो यामुळेच. मागे राहिलेल्या जीपगाड्या आणि लॉऱ्या लोकांनी विकत घेतल्या, त्यांना लाकडी सांगाडे चढवले आणि त्यांवर आपले धंदे उभे केले. त्यांना सुटे भाग पुरवणारी कंपनी जवळपास नव्हती, तेव्हा मिस्त्रींनी भाग घडवले. आपल्या मोटार दुरुस्तीच्या परंपरेची मुळे अशा गॅरेजांत आहेत. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या त्या कारागिरांनी यंत्राला प्रश्न विचारण्याची विद्या कमावली. ती कोणत्याही पुस्तकात उतरली नाही, ही खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

डहाणू-तलासरीचा पट्टा या विद्येला नवी भूमी ठरू शकतो. एका बाजूला समुद्र आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख आणि मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशी या भागाची रचना आहे. अच्छाडच्या सीमेवरून रात्रंदिवस अवजड वाहने जातात, त्यामुळे डिझेल इंजिन येथे कुणाला अपरिचित नाही. चिंचणी परिसरात दागिन्यांसाठी पोलादी डाय कोरणारे कारागीर आहेत. केसभर चूकही न खपणारी ती कला आहे. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत असल्याने लेथवर बुश कातून घेणे अवघड नाही. चार-साडेचार टनांचे धूड उभे करायला शहरातील सदनिकेच्या आवारात जागा मिळत नाही; वाडीच्या अंगणात ती मिळते.

घरच्या घरी असा ट्रक सांभाळायचा म्हणजे काय करावे लागते, हेही समजून घेतले पाहिजे. या किनारपट्टीवर पहिला शत्रू गंज. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याच्या सांध्यांतून, चॅसिसच्या पोकळीतून आणि दारांच्या तळातून आपले काम मुकाट्याने करत असतो. वरून चकचकीत रंग देऊन खाली गंज झाकणे ही स्वतःचीच फसवणूक होय. तो खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच रेड ऑक्साइडचा हात द्यावा लागतो. दुसरा शत्रू उभे राहणे. न चालणाऱ्या गाडीच्या ब्रेकची रबरी वॉशरे ताठरतात, ऑइल सील कोरडी पडतात, टाकीतील डिझेलमध्ये बाष्पाचे पाणी साठते आणि पंप व नोझल त्याची किंमत मोजतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, फिल्टरच्या तळाचे पाणी वेळोवेळी सोडावे, इंधनाच्या नळीत हवा शिरली तर ती धीराने काढावी आणि महिन्यातून एकदा तरी गाडी चालवून चारही चाकांना गती द्यावी. पाट्यांच्या पिना, किंगपिन, प्रॉपेलर शाफ्टचे सांधे अशा प्रत्येक निपलला ग्रीस मिळालेच पाहिजे. दररोज गाडीचा एक ठरावीक भाग तपासायचा, ही लष्करी शिस्त येथे उपयोगी पडते. एका दिवशी सारे करू पाहणारा माणूस बहुधा काहीच पुरे करत नाही.

हे काम धोक्याचेही आहे आणि हौसेच्या भरात तो धोका विसरला जातो. जुन्या लष्करी वाहनांची काही चाके दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असतात. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केल्यास चाकाचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. रिंग बसवलेल्या चाकांनाही हाच नियम लागू आहे. हवा पूर्ण काढल्याशिवाय हात लावू नये, हे उत्तम. नुसत्या जॅकवर पेललेल्या ट्रकखाली कुणीही शिरू नये. भक्कम घोडी किंवा लाकडी ओंडके लावूनच काम करावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती धूळ हवेच्या झोताने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. ज्याला हे नियम जाचक वाटतात, त्याने या वाटेला जाऊ नये.

डहाणूच्या संदर्भात आणखी एक जबाबदारी येते. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली येथे स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. 'डहाणू-घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच मातीमुळे. अशा भूमीत इंजिनचे जळके ऑइल चिकूच्या बुंध्याशी किंवा गटारात ओतणे म्हणजे एक वारसा जपताना दुसरा नासवणे होय. ते डब्यात साठवून मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे.

आता प्रश्न कायद्याचा. लष्कराची वाहने मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराच्याच नोंदवहीत असतात. ती नागरी मालकाकडे गेल्यावर त्यांची नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र हरवलेली गाडी कितीही उत्तम स्थितीत असली तरी रस्त्यावर येऊ शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ क्रमांकाच्या नियमाने संरक्षण खात्याखेरीज कुणालाही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. हा निर्बंध कुणाला कडक वाटेल. परंतु सैनिकी वेषात आलेल्या दहशतवाद्यांचा अनुभव घेतलेल्या देशाने तो सैल करावा असे म्हणणे शहाणपणाचे नाही. संग्राहकाने रंगाचा मोह सोडावा हेच बरे.

अडचण आहे ती दुसरीकडे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या, ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, अशी ती चांगली तरतूद आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी आणि देखभाल यांपुरतेच ते वाहन रस्त्यावर आणता येते, ही अटही योग्य. मात्र या व्याख्येत दुचाक्या आणि एम-१ वर्गातील, म्हणजे प्रवासी मोटारी एवढ्याच येतात. माल वाहणारा ट्रक तिच्यात बसत नाही. संस्थानिकाची आलिशान मोटार राष्ट्राचा वारसा ठरते आणि सीमेवर शिधा पोहोचवणारा ट्रक ठरत नाही, असा याचा अर्थ निघतो. नियम करणाऱ्यांच्या मनात तसे नसेलही, पण परिणाम तोच आहे. त्यातच वय मोजायचे ते पहिल्या नोंदणीपासून. लष्करात तीस वर्षे राबलेल्या ट्रकची नागरी नोंदणी लिलावानंतरची असते. तेव्हा कागदावर तो तरुण आणि प्रत्यक्षात वृद्ध!

जुनी डिझेल इंजिने धूर ओकतात, त्यांना सवलत कशाला, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचे धोरण लागू झाले, ते याच चिंतेतून. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातील विशेष वाहने त्यातून वगळली. हे धोरण योग्यच आहे. रोज माल वाहणारा चाळीस वर्षांचा ट्रक रस्त्यावर असता कामा नये. परंतु वर्षातून दोन-चार वेळा संचलनासाठी बाहेर पडणाऱ्या आणि उरलेला काळ वाडीत उभ्या असणाऱ्या मोजक्या वाहनांचा प्रश्न वेगळा आहे. शंभरांतील नव्याण्णव ट्रक जरूर वितळवावेत. शंभराव्याला कायद्याने घर द्यावे, एवढीच ही मागणी आहे.

त्यासाठी तीन गोष्टी सहज करता येतील. ऐतिहासिक वाहनांच्या व्याख्येत मालवाहू वर्गाचा समावेश करावा आणि लष्करी वाहनाचे वय त्याच्या लष्करी क्रमांकातील खरेदीच्या वर्षापासून मोजावे. सेवेतून पूर्णपणे बाद झालेल्या वाहनांच्या दुरुस्ती-पुस्तिका आणि सुट्या भागांच्या याद्या जनतेला उपलब्ध कराव्यात. त्यांत आता गुप्त असे काही उरलेले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लष्कराच्या ईएमई दलातून निवृत्त झालेल्या कारागिरांना तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांशी जोडावे. आजच्या वाहनात बिघाड झाला की संगणक लावून तो शोधतात आणि भाग बदलतात. जुन्या ट्रकमध्ये मात्र इंधन कोठून येते, ठिणगीविना कसे पेटते, गती चाकांपर्यंत कशी पोहोचते, हे डोळ्यांना दिसते आणि हातांना कळते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला फळा नाही. तलासरीच्या पाड्यावरील वारली तरुणाने असा एक ट्रक खोलून पुन्हा जोडला, तर पुढे कोणतेही इंजिन त्याला घाबरवणार नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या प्रकल्पाविषयी मते काहीही असोत, अवजड यंत्रे आणि वाहने या भागात वाढणार हे उघड आहे. त्या यंत्रांवर स्थानिक तरुण हमाल म्हणून राबणार की कारागीर म्हणून, याचा निर्णय आज मिळणाऱ्या शिक्षणावर होणार आहे.

महाराष्ट्रात अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उभे आहे. ते पाहताना लहान मुलांचे डोळे विस्फारतात आणि वृद्ध सैनिकांचे पाणावतात. परंतु संग्रहालयातील वाहन बहुधा मूक असते. ते चालते ठेवण्याचे काम जगभर हौशी नागरिकांनीच केले आहे. अमेरिकेत १९७६ पासून लष्करी वाहने जतन करणाऱ्यांची संघटना काम करते. वीरांच्या या भूमीतही साताऱ्याच्या अपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे घराघरांतून माणूस सैन्यात गेला. तेथील निवृत्त चालकाच्या पायांत डबल क्लचची लय अजून असते. ती शिकायला कुणी येत नाही, हे दुःख आहे.

ईएमई दलाचे ब्रीद आहे 'कर्म ही धर्म'. आपल्या परंपरेला हे सांगावे लागत नाही, कारण खंडेनवमीला शस्त्रांबरोबर अवजारांची आणि वाहनांचीही पूजा करणारा हा समाज आहे. मात्र त्या दिवशी बॉनेटला झेंडूची माळ घालायची आणि उरलेले वर्ष ग्रीसच्या थेंबाविना गाडी गंजत ठेवायची, याला पूजा म्हणत नाहीत. पान्याने केलेली सेवा ही अधिक खरी पूजा. ती करू इच्छिणाऱ्या हातांच्या आड निदान नियमांनी येऊ नये. शेवटचा शक्तिमान भट्टीत गेला तर लोखंड पुन्हा मिळेल. तो चालवणारा, ऐकणारा आणि दुरुस्त करणारा माणूस पुन्हा मिळणार नाही.