प्रबंधाचा पहिला वाचक

मराठीच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधाचा पहिला चिकित्सक वाचक बहुधा परीक्षकाच्या रूपाने भेटतो. तोपर्यंत प्रबंधाची बांधणी पुरी झालेली असते आणि फेरमांडणीची वेळ टळून गेलेली असते. मार्गदर्शक वाचतात हे खरे. परंतु त्यांचा अभिप्राय पुढे निर्णायक ठरणार असल्याने विद्यार्थी त्यांच्यापुढे कच्चा खर्डा ठेवण्यास कचरतो. वाचकाची ही रिकामी जागा अमेरिकन विद्यापीठांनी लेखनकेंद्राच्या द्वारे भरून काढण्याचा प्रयत्न केला. तो मराठी विभागांनी समजून घेण्याजोगा आहे.

आयोवा विद्यापीठात १९३४ साली कॅरी स्टॅन्ली यांनी लेखनप्रयोगशाळा सुरू केली. पुढे अशी केंद्रे अनेक विद्यापीठांत निघाली. मात्र लेखनात कच्च्या विद्यार्थ्यांचे उपचारगृह अशीच त्यांची प्रतिमा दीर्घकाळ राहिली. १९८४ साली स्टीफन नॉर्थ यांनी ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकातील लेखात या समजुतीला ठाम विरोध केला. हातातील निबंध दुरुस्त करून देण्यापेक्षा लिहिणाऱ्याची लेखनक्षमता वाढविणे हे केंद्राचे खरे कार्य होय, अशी त्यांची भूमिका होती.

केंद्रातील कामाची रीत या भूमिकेशी सुसंगत आहे. विद्यार्थी खर्डा घेऊन येतो आणि पुष्कळदा तो स्वतःच मोठ्याने वाचतो. ऐकणारा सहायक अनेकदा विद्यार्थीच असतो. तो लेखणी हाती घेत नाही, प्रश्न विचारतो. प्रतिपाद्य कोणते, त्याला आधार काय, मांडणीचा क्रम असाच का, हे प्रश्न आधी. वाक्यरचना व व्याकरण नंतर. सहायकाला गुण द्यावयाचे नसल्यामुळे ‘हे मलाच नीट उमगलेले नाही’ अशी कबुली विद्यार्थी त्याच्यापाशी देऊ शकतो. संशोधनाच्या दृष्टीने ही कबुली मोलाची असते.

मराठी विभागांत लेखनसाहाय्य म्हटले की शुद्धलेखनच डोळ्यांपुढे येते. १९६२चे चौदा आणि १९७२ साली भर पडलेले चार, असे अठरा नियम पाळले पाहिजेत, यात वाद नाही. परंतु ‘या कथांतून ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण आले आहे’ हे वाक्य त्या नियमांनुसार निर्दोष ठरते. नेमक्या कोणत्या कथांतून? वास्तवाचे कोणते अंग? प्रभाव निवेदनाचा, की बोलीचा? असे विचारणारा कोणी समोर बसल्याखेरीज त्या वाक्यातील पोकळी लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला पायबंद घालण्यासाठी साम्याच्या टक्केवारीनुसार दंड ठरविला. मजकूर इतरत्र आढळतो किंवा कसे, एवढेच त्या टक्केवारीवरून कळते. विचार झाला आहे की नाही, हे कळत नाही.

अशा साहाय्याने प्रबंधाचे कर्तृत्व संशयास्पद ठरेल, असा आक्षेप घेतला जाईल. सहायक वाक्ये लिहून देऊ लागला, तर तो आक्षेप रास्तच ठरेल. म्हणूनच लेखणी विद्यार्थ्याच्याच हाती राहावी, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. बोलीभाषक घरांतून आलेल्या विद्यार्थ्याची भाषा ‘सुधारण्या’च्या भरात त्याची स्वतंत्र दृष्टीच पुसली जाऊ शकते. सहायकाच्या प्रशिक्षणात या जाणिवेला अग्रस्थान हवे.

त्यासाठी नवी इमारत वा मोठे अनुदान लागत नाही. विभागातील एक खोली, आठवड्यातून ठरावीक दोन तास आणि ऐकण्याची शिस्त अंगी बाणविलेले दोन ज्येष्ठ संशोधक विद्यार्थी एवढ्यावर आरंभ करता येईल. विभागाने या कामाला अध्यापनाचा अनुभव म्हणून मान्यता द्यावी. परीक्षकाने मौखिकीत विचारावयाचे प्रश्न विद्यार्थ्याला पहिल्या खर्ड्याच्या वेळीच ऐकावयास मिळाले, तर मराठी प्रबंधांची पृष्ठसंख्या कदाचित घटेल. त्यांतील प्रतिपादन मात्र निश्चितच अधिक सकस होईल.