तारेबाहेरची वीज

झाशी जिल्ह्यातले मऊरानीपुर आणि शेजारचे रानीपुर हा टेरिकॉट कापडासाठी ओळखला जाणारा यंत्रमागांचा मुलूख. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकाला तो खटखटाट वेगळा सांगायला नको. त्याच जिल्ह्यात बेतवेकाठी परीछाचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथून निघालेला इलेक्ट्रॉन तारेतून धावत येतो आणि माग फिरवतो, असे आपण धरून चालतो, कारण शाळेत नळातल्या पाण्याची उपमा शिकलो. ती अर्धीच खरी आहे. तारेत इलेक्ट्रॉनचा प्रवाह सरकतो तो साधारणपणे सेकंदाला मिलिमीटरभरही नाही. त्यात आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणजे तो जागच्या जागी नुसता थरथरतो. ऊर्जा येते ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून. जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी 1884 मध्ये हे गणिताने मांडले: तार वाट दाखवते, ऊर्जा तिच्या बाहेरच्या अवकाशातून जाते, आणि तारेत शिरते ती फक्त तार तापवण्यात संपणारी. मला हे विलक्षण सुंदर वाटते. आणि पुरावा गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे! डीपीतल्या, म्हणजे रोहित्रातल्या, दोन वेटोळ्यांमध्ये धातूचा जोडच नसतो. परीछाचा एकही इलेक्ट्रॉन ती फट ओलांडत नाही; चुंबकीय क्षेत्र ओलांडते आणि माग चालतो. शिक्षकांनो, नळाची उपमा जरूर द्या, पण पुढच्याच तासाला मुलांना डीपीपाशी न्या, सुरक्षित अंतरावर उभे करा आणि हे सांगा.