मांडूची चिंच आणि महागडी पूड

मांडूला जहाज महालापाशी ज्या बायका फळे मांडून बसतात, त्यांच्यापुढे थांबला नाही असा पर्यटक विरळा. हिरवट-तपकिरी, मखमली लवेची, छोट्या दुधीएवढी फळे. धार जिल्ह्यात त्यांना ‘मांडू की इमली’ म्हणतात, आपण गोरखचिंच. कवच फोडले की आत बियांना लगडलेला पांढरा, कोरडा गर. तो चघळला की तहान भागते, पोटाला बरे वाटते, असे विकणाऱ्या सांगतात. तेवढ्यावर माझी हरकत नाही.

हरकत आहे ती त्याच गराची पूड ‘सुपरफूड’ म्हणून डबीत भरून विकणाऱ्यांवर. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व, ही त्यांची ठरलेली जाहिरात. आकडा खोटा नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५० ते ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सापडते, संत्र्यात ५०च्या आसपास. पण गर कोरडा आणि संत्रे रसाळ, ही तुलनाच लबाड. शिवाय पूड शंभर ग्रॅम कोण खातो? चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम घेतली तर पदरात ७ ते २५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा एक संत्रे सोलावे. आवळा तर आपल्या दारातच आहे.

गरात खरे मोल आहे ते तंतूंचे. जवळजवळ निम्मा गर तंतूंचाच, त्यात पेक्टिन भरपूर. आंबटपणा सायट्रिक, टार्टारिक आणि मॅलिक आम्लांचा, तुरटपणा प्रोसायनिडिनसारख्या पॉलिफेनॉलांचा. हे पॉलिफेनॉल पिष्टाचे पचन मंदावतात. २०१३ साली ब्रिटनमध्ये पांढऱ्या पावासोबत गोरखचिंचेचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा जेवणानंतरची साखर कमी चढली. मात्र ती माणसे निरोगी होती आणि मोजकीच. एवढ्या भांडवलावर ‘मधुमेहावर उपाय’ असे डबीवर छापायला धाडस लागते. युरोपीय संघाने २००८मध्ये गराला मान्यता दिली ती खाद्यपदार्थ म्हणून, औषध म्हणून नव्हे.

सालीची कथा याहून जुनी. १९व्या शतकात हिवतापावर सिंकोनाऐवजी हीच साल वापरावी, असे सुचवले गेले होते. तिच्यातल्या द्रव्याला अ‍ॅडान्सोनिन असे नावही मिळाले. पुढे सिंकोनातले क्विनीन टिकले, अ‍ॅडान्सोनिन मागे पडले.

हे झाड मूळचे आफ्रिकेचे. २०१५च्या जनुकीय अभ्यासानुसार ते भारतात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या काळी आले. मांडूत सुलतानांच्या काळात आले, असे सांगतात. बी पेरून पहिले फळ हाती यायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. अशी जुनी झाडे काही वर्षांपूर्वी मुळासकट काढून हैदराबादजवळच्या एका खासगी उद्यानात नेली जात होती. गावकरी आडवे आले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एरवी झाडावरून फळ उतरवणाऱ्या भिल्ल कुटुंबांचे या पुडीच्या व्यापारात नावही निघत नाही.

मांडूला गेलात तर फळ अख्खे, त्या बायकांकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण गरात पोटॅशियम बरेच असते. आणि मधुमेहाची गोळी चालू ठेवा.